खळ्यावरची कबड्डी

परवा सकाळी मांडणीवरची ताटं वाजली. आई चहा गाळत होती. तिने एका हाताने ताटं धरली, दुसऱ्या हातातली गाळणी तशीच राहू दिली आणि मला विचारलं, मोठा होता का गं? मी म्हटलं, मध्यम. मग ठीक आहे, म्हणाली आणि चहात साखर घालायची विसरली. आमच्या सरावलीच्या घरात हल्ली भूकंपाची चौकशी अशी होते. पहिल्यांदा झाला तेव्हा अण्णा टीव्हीवरची क्रिकेटची मॅच सोडून अंगणात पळाले होते. आता ते जागचे हलत नाहीत. फार तर रिमोट घट्ट धरतात.

त्याच दिवशी थंडी पडली. आमची थंडी म्हणजे काही नाशिकची नव्हे, एक गोधडी पुरते. पण चिकूच्या पानांवर दव दिसायला लागलं, संध्याकाळी रानशेतकडून येताना झोडलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास नाकात शिरला आणि माझं डोकं फिरलं. दरवर्षी हा वास आला की मला बरं वाटायचं. यंदा राग आला. गेल्या वर्षीचा हिवाळा असा उपसून वर आला की स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. एक ओळखीचा रिक्षावाला थांबला, पंक्चर झालं का म्हणून विचारून गेला. त्याला काय सांगू, की बाबा रे, एक बातमी अडकली आहे घशात, वर्ष झालं.

मी वार्ताहर होते. पालघर जिल्हा नवा झाला तेव्हा सगळ्याच वर्तमानपत्रांना या जिल्ह्यासाठी एकेक पान हवं झालं आणि पान भरायला माणसं हवी झाली. मी तेव्हा डहाणू रोडला शिकवण्या घ्यायचे. मराठी बरं लिहिते आणि स्कूटी चालवते, एवढ्या भांडवलावर मला घेतलं. बातमी मोबाईलवर टाइप करायची, फोटोसकट ठाण्याच्या कचेरीत पाठवायची, तिथे नितीन नावाचा उपसंपादक ती कापून पानात बसवायचा. नितीन माणूस वाईट नाही. पण हायवेवरच्या चारोटी नाक्याच्या पुढे तो कधी आलेला नाही, आणि उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की शेळ्या कुठल्या रानात आहेत हे माहीत असायची गरज पडत नाही. त्याला हायवेवरचा अपघात लागायचा, बिबट्या लागायचा, नेत्याचा दौरा लागायचा. मी खेळाची बातमी पाठवली की म्हणायचा, अगं खेळाचं पान मुंबईत बनतं, तिथे आधीच जाहिराती आणि क्रिकेट यांची मारामारी. मग कुठल्या तरी खेळाडूचा गुडघा दुखतोय याला चार रकाने मिळायचे. इथे अनवाणी पायांनी मुरुमावर पकडी करणाऱ्या बायांना एक ओळ नाही. मी भांडायचे. तो हसायचा. मी पुन्हा पाठवायचे. माझा स्वभावच तसा, आई म्हणते तसा, आडमुठा.

तो हिवाळा. दिवाळी झाली आणि तलासरीकडची जमीन हलायला लागली. एकदा, दोनदा, मग रोजच. आधी लोक घाबरले, खरंच घाबरले, ते मी कमी करून सांगणार नाही. भिंती फुटल्या, शाळांचे वर्ग झाडाखाली आले, आयाबायांनी पोरांना कुशीत घेऊन उघड्यावर दिवस काढले. पण चॅनेलवाले आले ते वेगळ्याच भूकंपाला आले होते. चारोटीला गाड्या थांबवून फाफडा-जिलेबी खाल्ली, मला फोन केला, मॅडम, तडा कुठे आहे चांगला? चांगला तडा! जसा काही लग्नाचा हॉल बघायचाय. एकाने तर एका बाईला सांगितलं की पुन्हा एकदा घरातून धावत बाहेर या, मगाशी कॅमेरा चालू नव्हता. ती बाई चुलीपुढे बसली होती. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, आताच भाकर टाकलीय, करपली तर तू खाशील काय?

ती जानी. करंजपाड्याची. पाडा तलासरी तालुक्यात, हायवे सोडून आत गेलं की चढावर. तिशीची असेल, उंबरगावच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, पहाटे जीपमध्ये कोंबून घेऊन जातात, संध्याकाळी आणून टाकतात. त्या चॅनेलवाल्याचं तोंड बघून मला इतकं हसू आलं की तिथेच आमची ओळख झाली. तिचा सासरा रावजीबाबा तारपकरी. तारपा म्हणजे वाळल्या दुधीचं आणि ताडाच्या पानाचं लांबलचक वाद्य, सनईसारखं फुंकायचं पण श्वास मध्ये तुटू द्यायचा नाही. बाबाचा धाकटा मुलगा विलास, जानीचा दीर, एका पक्षाचं काम करायचा. कुठल्या ते सांगत नाही. ज्याला त्याला आपला वाटेल, आणि सगळ्यांचंच खरं असेल.

त्यांच्याकडे एक गंमत पाहिली. योजनेतलं विटांचं घर होतं, त्याला तिरपी भेग गेलेली. शेजारी जुनं कुडाचं घर होतं, कारवीच्या काठ्या आणि वर माती, ते नुसतं डुलायचं आणि पुन्हा गप्प. तरी सगळे प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली, पेंढा अंथरून झोपत. जानी म्हणायची, घर विटांचं मिळालं म्हणून फोटो काढून नेला होता, आता भेगेचा फोटो काढून नेला, घर तेवढं आमच्याकडे राहिलं. हे मी बातमीत घातलं होतं. नितीनने कापलं. म्हणाला, टोमणे नकोत, माहिती दे.

आता खळ्याचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. भात कापून आणलं की झोडायला सपाट जागा लागते. ती जमीन पाणी मारून, लाकडाने चोपून चोपून, शेण सारवून अशी करतात की सांडलेला दाणा वेचून घेता येतो. त्याला खळं म्हणतात. चढावरच्या पाड्यात रावजीबाबाचं खळं तेवढीच काय ती सपाट जागा. झोडणी संपली, भात घरात गेलं, की करंजपाड्यात त्याच खळ्यावर कबड्डी होते. पुरुषांची नव्हे. पाड्याच्या सुना एका बाजूला आणि पाड्यातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकी दुसऱ्या बाजूला. या सगळ्या आश्रमशाळांत खेळलेल्या. कुणी तालुक्याला खेळलेली, कुणी जिल्ह्याला. लग्न झाल्यावर कुठलं मैदान नि कुठलं काय. म्हणून हा वर्षातला एक दिवस त्यांनी धरून ठेवलेला. लेकी पोरांना काखेत मारून माहेरी येतात, आधी मिठ्या, मग भांडणं, मग साडीचा काष्टा मारून खळ्यावर. हरणाऱ्यांनी वर्षभर ऐकून घ्यायचं. सुना लागोपाठ हरत आल्या होत्या आणि लेकींची कर्णधार यशी, म्हणजे जानीची नणंदच, येता जाता तिला टोचायची. नणंदेने टोचलेलं कसं लागतं ते मी वेगळं सांगायला नको.

त्या वर्षी बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की राहू द्या. जमीन हलतेय, कुठे खेळताय. जानी ऐकेना. तिचं गणित सरळ होतं. लेकींना सासरहून या दिवसासाठी सोडतात कारण रीत आहे. एक वर्ष रीत मोडली की पुढल्या वर्षी सासू म्हणेल, मागच्या वर्षी नाही गेलीस तर काय अडलं? मग एक येणार नाही, मग दोघी येणार नाहीत, मग संपलंच. मला तिने हे धान्य पाखडता पाखडता सांगितलं. यंदा खळं गेलं तर कायमचं गेलं, एवढंच तिचं म्हणणं, आणि ते खोटं आहे असं मला कुठूनही दिसेना. बायांचा खेळ बंद पडायला भूकंप लागत नाही, एक निमित्त पुरतं.

आणि निमित्त चालून आलं. विलास उड्या मारत आला. पक्षाचे साहेब येणार, भूकंपग्रस्तांना धीर द्यायला, खास करंजपाड्यात. रविवारी. कबड्डीचाही तोच रविवार. मांडव कुठे घालणार तर खळ्यावर, कारण दुसरी सपाट जागा आहे कुठे? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. चोपलं कुणी, सारवलं कुणी, आणि खुर्ची टाकणार कोण! विलास म्हणे, अर्ध्या तासाचं काम, नंतर खेळा की. पण मांडवाला खांब लागतात, खांबाला खड्डे लागतात, पहारीने खड्डे पाडलेल्या खळ्यावर कोण पाय घालणार, पाय मोडून घ्यायला? जानी नाही म्हणाली. विलास म्हणाला, वहिनी, तुला कळत नाही, साहेब आले तर रस्ता होईल. घरात तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. रावजीबाबा तर तसाही बोलत नाही. जानीने मला फोन केला, एवढंच म्हणाली की ये. फोटो काढायला नको, नुसती ये.

मी राजकारण बरंच पाहिलंय. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली पोटनिवडणूक तर अशी पाहिली की चारोटीच्या हॉटेलांत बसायला जागा नव्हती. मुंबईहून आलेले सगळे पांढरे कपडेवाले, दोन्ही बाजूंचे, एकाच टपरीवर एकमेकांना चहा पाजताना पाहिले. बंदराबद्दल बोलले, रेल्वेबद्दल बोलले, आमच्याबद्दलही बोलले, आमच्याशी सोडून. प्रत्येक दौऱ्यात एक गोष्ट ठरलेली, गाडीच्या पुढे तारपा. पाहुणा उतरला की वाजवायचा, त्याने हात हलवत पुढे चालायचं, तारपकऱ्याने मागून फरफटत यायचं. मला त्याची चीड यायची. कारण तारप्याचा एक नियम आहे, इथलं शेंबडं पोरही तो पाळतं. तारपा वाजत असताना त्याच्याकडे पाठ करायची नाही. नाच गोल फिरतो, तारपकरी मध्ये, तो जिकडे वळेल तिकडे सगळ्यांनी वळायचं, पण पाठ दाखवायची नाही. नेत्यांना कुणी सांगितलं नसावं. किंवा सांगितलंही असेल.

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा तलासरीहून डेकोरेटरचा टेम्पो आलेला. बांबू, कनाती, लाल गालिचा आणि हे एवढाले स्पीकर. प्रचाराचं गाणं लागलेलं, तेच ते, कोंबडीसुद्धा पळून जाईल असं. एका बाजूला सुना उभ्या, एका बाजूला लेकी, सगळ्यांचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे. यशीचाही. तिला जानीला हरवायचं होतं, पण खेळून. विलासची पाड्यातलीच पाच-सहा पोरं पहारी घेऊन खळ्याच्या कडेला आली. जानी खळ्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता घरातलंच माणूस घरातल्या माणसाला हात धरून बाजूला करणार, आणि ते झालं की मग पुढची कितीतरी वर्षं ते पुसलं जाणार नाही.

तेवढ्यात विलासने बापाला सांगितलं की बाबा, वाजवायला घे, म्हणजे लोक जमतील, साहेब हायवेवर पोचलेत. चूक झाली ती इथे. आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. बाहेरचा माणूस असता तर त्याने आणखी एक गाणं लावलं असतं. हा पडला पाड्याचा पोरगा, त्याला लोक जमवायचे म्हटलं की तारपाच आठवणार. रावजीबाबाने स्पीकर बंद करायची खूण केली. तारपा उचलला. गाल फुगले, आणि तो घोगरा, जमिनीतून यावा तसा आवाज निघाला. वाजवत वाजवत तो कडेने आला, पोरांच्या मधून खळ्यावर उतरला आणि जानीच्या शेजारी मध्यभागी जाऊन थांबला. वाजवायचा थांबला नाही, फक्त चालायचा.

पहिली यशी आली. तिने जानीच्या कमरेला हात घातला. मग एकेक करून सगळ्या, सुना, लेकी, मिसळून. गोल धरला. आणि पहारी घेतलेली ती पोरं जागच्या जागी उभी! आता खड्डा खणायचा तर वाकायचं, फिरायचं, इकडून तिकडे जायचं, म्हणजे तारप्याला पाठ होणार. नाचणाऱ्यांचा गोल वाढत वाढत त्यांच्यापर्यंत आला. एकाने पहार खाली ठेवली आणि गोलात घुसला. दुसरा मागे मागे सरकत, तोंड तारप्याकडे ठेवून, बांधापर्यंत गेला आणि बांधावरून उलटा पडला. काय हशा पिकला! विलास स्वतः खांद्यावर बांबू घेऊन उलटा चालत होता. पक्षाचं उपरणं गळ्यात, तोंड बापाकडे, पाय मागे. त्याला कुणीच काही म्हणालं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम होता, मला सांगता येणार नाही.

डेकोरेटरला या नियमाशी घेणंदेणं नव्हतं, पण खड्डे कुठे काढायचे हे दाखवणारं माणूसच उलट्या पावलांनी बांधापलीकडे गेलेलं. शेवटी त्याने कंटाळून मांडव रस्त्याकडेला, उतारावर ठोकला. बाबाने तारपा खाली ठेवला तेव्हा मांडव उभा होता आणि खळं जसंच्या तसं होतं. मी नंतर बाबाला विचारलं की तुम्ही हे ठरवून केलंत का. तो घाम पुसत म्हणाला, "वाजव म्हणाला, वाजवला. थांब कोण म्हणाला?"

साहेब आले, रीतीप्रमाणे उशिरा. उताराच्या मांडवात खुर्च्या हळूहळू पुढे सरकत होत्या, त्यामुळे भाषण लवकर आटपलं. तोवर इकडे सामना सुरू झालेला. साहेब माणूस चतुर. इतके लोक तिकडे कशाला बघतायत हे पाहून त्यांनी खुर्ची खळ्याजवळ आणायला सांगितली, टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्यांनी फोटो काढले. काढोत बापडे. माझं लक्ष खेळाकडे होतं. आणि खेळ काय रंगला होता! यशीच्या पकडी म्हणजे विळखा. सुना मागे पडल्या, पुन्हा जवळ आल्या. शाळेतले खेळाचे गुरुजी पंच होते, त्यांना दोन्ही बाजूंनी शिव्या बसत होत्या, म्हणजे काम चोख चाललं होतं. शेवटची चढाई आली तेव्हा लेकी एका गुणाने पुढे, आणि चढाईला जानी.

ती रेषा ओलांडून आत गेली, कबड्डी कबड्डी म्हणत, आणि जमीन हलली. मध्यम नव्हे, मोठा. खालून कुणीतरी दार ठोठावावं तसा आधी दणका, मग हेलकावा. मांडवातली भांडी कोसळली, कनात बसली. साहेबांना चार जणांनी उचललंच म्हणायचं. पळता भुई थोडी झाली सगळ्यांना, गाड्यांची दारं आपटली, धूळ उडवत ताफा हायवेकडे. गुरुजींच्या तोंडातली शिट्टी पडली. मी स्कूटी धरून उभी, आणि स्कूटीच हलत होती. आणि त्या सगळ्यात एक आवाज चालूच. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. जानीने दम सोडला नव्हता. लेकी हातांची साखळी सोडून इकडेतिकडे बघत होत्या, तिने वाकून दोघींना हात लावला आणि परत फिरली. रेषेवर आली तेव्हा जमीन थांबली होती.

मग जे भांडण झालं ते भूकंपापेक्षा मोठं. लेकी म्हणाल्या, हे धरायचं नाही, जमीन हलत होती. जानी श्वास लागलेला असताना म्हणाली, "माझ्यापण पायाखाली तीच होती." गुरुजी खाली पडलेली शिट्टी शोधत होते. पोरंबाळं, म्हातारी माणसं, सगळी ताडपत्र्यांजवळून बघतायत. यशी कमरेवर हात ठेवून जानीपुढे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, दम सोडला नाही तिने, द्या. एवढी भांडखोर बाई, पण खेळात खोटं चालवून घेणार नाही. सुनांनी जानीला उचललं, आणि मला कळेना मी का रडतेय. बातमीदाराने रडू नये म्हणतात. त्या दिवशी मी रडले आणि फोटोही काढले, काही हललेले.

चारोटीला येऊन एका हॉटेलात बसले, एका हाताने चहा, एका हाताने टाइप. सगळं लिहिलं. तारपा, उलटा चाललेला दीर, जमीन, दम. इतकी चांगली बातमी मी आयुष्यात लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. साहेबांचा टाळ्या वाजवतानाचा फोटो, आणि बातमी अशी की भूकंपग्रस्त भगिनींचे मनोबल वाढावे म्हणून साहेबांच्या पुढाकाराने कबड्डीचा सामना भरवण्यात आला, आणि धक्का बसताच साहेबांनी उपस्थितांना धीर दिला. जानीचं नाव नाही. कुणाचंच नाही. मी फोन केला. नितीन म्हणाला, पक्षाकडून पत्रक आलं होतं, तेही वेळेवर, आणि तुझं फार लांब होतं. मी म्हटलं, अरे पण ते पळाले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब तिथे होते ना? सामना झाला ना? मग खोटं काय आहे त्यात?"

हा प्रश्न मी वर्षभर चघळतेय. खोटं काय आहे त्यात! एकेक शब्द घ्या, साहेब होते, सामना होता, धक्का होता. आणि सगळे मिळून धडधडीत खोटं. खोटं बोलायला आता खोटं बोलावंच लागत नाही, नीट कापलं की झालं. अण्णा म्हणतात, तू फार मनाला लावून घेतेस, पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. जातो ना. पण तो रद्दीत जाण्याआधी लोक त्यावर विश्वास ठेवतात, त्याचं काय?

पेपर घेऊन मी करंजपाड्याला गेले. मला वाटलं, बाया चिडतील, निदान मला चार शब्द सुनावतील. जानी वाल निवडत होती. तिने फोटो पाहिला, साहेबांच्या मागे आपला अर्धा हात ओळखला, तो यशीला दाखवायला म्हणून बाजूला ठेवायला सांगितला आणि हसायला लागली. मी म्हटलं, अगं तुला राग कसा येत नाही? ती म्हणाली, "ताय, तुझ्या पेपरात नाय आलं म्हणून आमी हरलो काय?"

तिला गरज नव्हती, हे खरंच. यशीला माहीत होतं, पाड्याला माहीत होतं, वर्षभर ऐकून घ्यायची पाळी आता लेकींची होती. पण मला गरज होती, आणि आहे. ती मोठ्या मनाने हसली म्हणून मीही हसावं, असं मला जमत नाही. तिने खळं सोडलं नाही. मग मी माझं का सोडावं? नितीनचा पुढचा फोन आला की अमुक साहेबांचा पाहणी दौरा आहे, कव्हर कर. मी म्हटलं, आधी त्या बातमीची दुरुस्ती छाप. तो म्हणाला, असं चालत नाही. मी म्हटलं, मग माझंही चालत नाही. अण्णांनी कपाळावर हात मारला. आई म्हणाली, बरं झालं, आता निदान जेवायच्या वेळी फोन वाजणार नाही. आता ते पान पालघरात बसून कुणीतरी पत्रकांवर भरतं. सुबक भरतं हो, त्यात टोमणे नसतात.

यंदा दोनदा मतदान झालं. स्पीकर आले, गेले. करंजपाड्याचा रस्ता अजून यायचा आहे. विलास सध्या कुठल्याच पक्षात नाही, ताडी काढायला झाडांवर आहे, आणि बरा दिसतो. साहेबांकडून कबड्डीसाठी टी-शर्ट आलेत म्हणे, छातीवर त्यांचं हसरं तोंड. जानीने फोनवर सांगितलं की ते उलटे करून घालणार, कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं. येत्या रविवारी सामना आहे. यशी महिनाभर सराव करतेय असं कळलं. मला कुणी पाठवत नाही, माझी बातमी कुणी मागितलेली नाही, तरी मी जाणार आहे.

पण त्याआधी गेल्या वर्षीची राहिलेली देते. कुणी कापायला नाही, म्हणून पूर्ण देते.

करंजपाडा, तालुका तलासरी: येथील रावजीबाबा यांच्या खळ्यावर झालेल्या वार्षिक कबड्डी सामन्यात पाड्याच्या सुनांनी लेकींचा एका गुणाने पराभव केला. सामना पाड्यातील महिलांनी स्वतः भरवला होता. अखेरच्या चढाईदरम्यान भूकंपाचा जोरदार धक्का बसला; कर्णधार जानी हिने चढाई पूर्ण करून दोन गडी बाद केले. लेकींची कर्णधार यशी हिने हा निर्णय मान्य केला. विजयी संघाकडून जानी, लखमी, बुधी, वनिता, सुरेखा, काशी आणि मंजुळा खेळल्या. सामना संपला तेव्हा प्रमुख पाहुणे उपस्थित नव्हते.